फ्रेंच व्याकरण घरच्या घरी: आधी काय घ्यावं?

विश्रामबागकर
सांगलीत राहून फ्रेंचची ए-वन (सगळ्यात पहिली) पातळी करायची आहे. अक्षरं, उच्चार, अंक झाले, पण व्याकरणात गाडी अडली. लिंग कसं ओळखायचं? 'मला भूक लागली' याला 'झ स्वी फँ' का चालत नाही? आणि कोणता भाग आधी घ्यावा? जाणकारांनी कृपया सांगावं.

कृष्णाकाठ
'झ स्वी फँ' इंग्रजीवरून बसवलंय, म्हणून चुकतं. 'फँ' हे नाम आहे, विशेषण नाही. त्याला एत्र ('असणे', त्याचंच रूप 'स्वी') नाही, आव्वार ('जवळ असणे', त्याचं रूप 'झे'मधलं 'ए') लागतं: 'झे फँ'. तहान 'झे स्वाफ', वय 'झे व्हँताँ' (वीस वर्षं). मराठीत 'मला दोन भाऊ आहेत' म्हणतो ना, तसं 'मला… आहे' आलं की बहुतेकदा आव्वार. इंग्रजीपेक्षा ही खूण जास्त कामाची.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबू नका. चंद्र तिकडे स्त्रीलिंगी (ला ल्यून), आंबाही (ला माँग). नपुंसकलिंग नाहीच, त्यामुळे पुस्तक पुल्लिंगी होतं आणि टेबल स्त्रीलिंगी. वहीत नाम एकटं लिहू नका, 'अँ' (पुल्लिंगी 'एक') किंवा 'युन' (स्त्रीलिंगी 'एक') लावूनच लिहा. ल-ला (इंग्रजी 'द'सारखे, ल पुल्लिंगी, ला स्त्रीलिंगी) लावून पाठ केलं तर स्वराने सुरू होणाऱ्या नामापुढे दोन्हींचा नुसता 'ल्' उरतो आणि लिंग कळत नाही: 'लेकॉल' ऐकून काय समजणार? 'युनेकॉल' म्हटलं की शाळा स्त्रीलिंगी हे पक्कं. शेवटावरूनही अंदाज येतो: 'सियों'ने संपणारी नामं जवळपास सगळी स्त्रीलिंगी, 'आझ'ने संपणारी बहुतेक पुल्लिंगी, अपवाद पाझ, प्लाझ, इमाझ, काझ.

क्रम: एत्र, आव्वार, आले (जाणे), फॅर (करणे) यांचा वर्तमानकाळ तोंडपाठ, मग पार्लेसारखी (बोलणे) ई-आर गटातली, म्हणजे शेवटी ई-आर लिहिली जाणारी क्रियापदं, कारण फ्रेंचमधली बहुसंख्य क्रियापदं याच गटातली (आले दिसतं तसं, पण अनियमित आहे), मग नकार. पार्लेच्या सहा रूपांपैकी चार कानाला सारखीच, 'पार्ल'. शेवटचं ई-एस किंवा ई-एन-टी लिहायचं, उच्चारायचं नाही. म्हणून आपण 'जातो, बोलतो' म्हणून कर्ता गाळतो तसं तिथे चालत नाही. झ (मी), त्यु (तू), इल (तो) लागतंच.

अजिंक्यतारा
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. साताऱ्यात शिकवताना सगळ्यात जास्त लाल शाई 'द'वर खर्च होते, म्हणून तेवढंच लिहितो. सांगलीकरांसाठी हळदीचं उदाहरण:

'झाशेत द्यु क्युर्क्युमा': हळद घेतो, किती ते सांगितलेलं नाही, म्हणून 'द्यु'.
'झाशेत अँ किलो द क्युर्क्युमा': माप आलं की 'द्यु' जाऊन नुसतं 'द'.
'झ नाशेत पा द क्युर्क्युमा': नकार आला तरी 'द'.

अँ, युन, दे (त्यांचं अनेकवचन) यांचंही नकारात 'द' होतं: 'झे अँ फ्रेर' (मला एक भाऊ आहे), पण 'झ ने पा द फ्रेर' (मला भाऊ नाही). अपवाद एत्रचा. 'ही हळद नाही' म्हणताना 'स ने पा द्यु क्युर्क्युमा', इथे 'द्यु' जसंच्या तसं. हळदीची ही चारही वाक्यं आपल्या घरातले जिन्नस घालून रोज लिहा.

विश्रामबागकर
दोघांचेही आभार! भूतकाळात साहाय्यक क्रियापद म्हणून आव्वार कधी आणि एत्र कधी?

कृष्णाकाठ
आधी आव्वारच धरा. एत्र घेणारी मोजकीच: जाणे, येणे, पोचणे, निघणे, चढणे, उतरणे, पडणे, राहणे (थांबणे या अर्थी), जन्मणे, मरणे अशी, शिवाय 'स' (स्वतःला) लागणारी सगळी. 'ती हसली', 'ती झोपली' मराठीत 'ती गेली'सारखी दिसतात, पण तिकडे त्यांना आव्वार.

एत्र आलं की रूप कर्त्याप्रमाणे बदलतं, अगदी 'तो गेला, ती गेली' सारखं. फक्त 'इल एताले' (तो गेला) आणि 'एल एताले' (ती गेली) यांत कानाला 'आले' सारखंच येतं. स्त्रीलिंगी असेल तर शेवटी एक जादा ई लिहावा लागतो. डेल्फ (फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा) ए-वनच्या 100 गुणांपैकी 25 लेखनाचे असतात, तेव्हा असे न ऐकू येणारे ई वहीतच घोटून घ्या. आव्वारसोबत स्त्रीलिंगी कर्म आधी आलं तरी ई लागतो: 'ला माँग क झे माँझे' (मी खाल्लेला आंबा). तो नियम ए-टूला घेतला तरी चालेल.