मदत हवी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१ चे अवयव पाडताना ३३३६६७ पाशी अडलोय

नमस्कार. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आठवीला गणित शिकवतो. परवा फळ्यावर ‘चिमा काय कामाची’ लिहून लेकरांना उलटं वाचायला लावलं आणि तिथूनच विलोम, म्हणजे उलट वाचली तरी तीच राहणाऱ्या संख्यांवर आलो. गणिती महावीराचार्यांनी इ. स. ८५० च्या सुमारास गणितसारसंग्रह या ग्रंथात १२३४५६५४३२१ सांगितली आहे, एकापासून सहापर्यंत चढून तशीच उतरणारी. ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले, आणि राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवत, म्हणजे आपलं लातूर! हे ऐकल्यावर वर्ग सरसावून बसला.

ही संख्या म्हणजे सहा एक असलेल्या १११११‍१ चा वर्ग. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं नऊ एकांचा वर्ग करून आणला: १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एक घेतले की मधे हातचा येतो, १२३४५६७९००९८७६५४३२१ मिळतं आणि विलोमपणा मोडतो.

अंकांची संख्या सम असेल तर विलोम संख्येला ११ ने भाग जातोच. त्या मुलीची संख्या मात्र सतरा अंकी. एकाआड एक अंकांच्या बेरजा ४१ आणि ४०, त्यामुळे ११ ने बाकी १.

आता अडचण. १११११११११ ला ९ ने भागलं की १२३४५६७९, त्याला ३७ ने भागलं की ३३३६६७. पुढं काय? ही मूळ संख्या असेल तर आमची मोठी संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७², म्हणून तिचे विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पण ३३३६६७ चं वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढं, म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भागून बघायचं. मोबाइलवर उत्तर मिळतं, पण लेकरांना ते वहीवर पटायला हवं. जवळची वाट आहे का?

प्रतिसाद १:
आहे, सर. समजा मूळ संख्या क ने ३३३६६७ ला भाग जातो. मग ९९९९९९९९९ लाही जातो, म्हणजे १० च्या नवव्या घाताला क ने भागून बाकी १. अशी बाकी पहिल्यांदा ९ च्या विभाजकालाच, म्हणजे १, ३ किंवा ९ व्या घातालाच येऊ शकते. १ किंवा ३ असेल तर क ने ९९९ ला भाग जाईल, म्हणजे क ३ किंवा ३७. पण ३३३६६७ ची अंकबेरीज २८, आणि ३७ ने बाकी १. दोन्ही बाद. राहिला नववा घात. फर्माच्या छोट्या प्रमेयानं १० च्या (क−१) व्या घातालाही क ने भागून बाकी १ येते, म्हणून क−१ ला ९ ने भाग जायला हवा, आणि क विषम म्हणून १८ ने. आता तपासायच्या सोळाच: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७.

धागाकर्ता:
फार फार आभार! १९ ने आत्ताच केला, बाकी ८. ५७७ ने बाकी १६१. उरलेले चौदा उद्या लेकरांना वाटून देतो. फक्त फर्माचं प्रमेय आठवीला कसं सांगू? १/७ चा आवर्ती भाग सहा अंकी, १/३७ चा तीन अंकी, एवढं त्यांनी केलंय. तिथून जोडता येईल का?