प्रभागरचनेवरची हरकत टिकावी कशी?

प्रश्न: महापालिकेच्या प्रारूप (कच्च्या) रचनेत नाल्यापलीकडची वस्ती आपल्या प्रभागाला जोडली, तर हरकतीत नेमकं काय लिहावं? नव्या टॉवरांमधली लोकसंख्या धरतात का?

उत्तर: नाही, ती धरलेली नाही. पुण्यात २०२५ ला ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक ठरले, तेही २०११ च्या जनगणनेवरच. वाढत्या उपनगरांवर हा अन्यायच आहे. शहराची लोकसंख्या भागिले एकूण सदस्य (नगरसेवक), गुणिले प्रभागातले सदस्य, ही प्रभागाची सरासरी लोकसंख्या. १० टक्के कमी-जास्त चालतं.

म्हणूनच हरकतीत नुसतं ‘वस्ती काढा’ लिहून भागत नाही. प्रगणक गट, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेले घरांचे छोटे गट, शक्यतो फोडत नाहीत. कोणता गट कुठे हलवायचा आणि हलवल्यावर दोन्ही प्रभागांची लोकसंख्या किती, हे मांडा. नकाशा जोडा, पोच घ्या, सुनावणीला जा.

नाला, नदी, रेल्वेमार्ग प्रभागाच्या हद्दीने ओलांडला असेल तर तो मुद्दा सर्वांत आधी लिहा.