‘भारतीय वंशाचे’, ‘मूळचे’, ‘कृष्णवर्णीय’ : मथळ्यात कधी लावायचे?

मी कुडाळात एका साप्ताहिकाचं मुद्रितशोधन करते, त्यामुळे हा प्रश्न सारखा पुढ्यात येतो. परदेशातल्या पुढाऱ्याची बातमी असली की नावाच्या आधी यातला एखादा शब्द येऊन बसलेलाच असतो. ओबामा २००८ मध्ये निवडून आले तेव्हा ‘पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष’ हे बरोबरच होतं, कारण बातमीच ती होती, पण पुढे आरोग्य विम्याच्या बातमीत त्या शब्दाचं काय काम? त्यांच्या आधीच्या एकाही अध्यक्षाला ‘गौरवर्णीय’ म्हटलेलं मी मथळ्यात वाचलेलं नाही. ट्रम्प यांचे आजोबा जर्मनीतून आलेले, आई स्कॉटलंडची, तरी ‘जर्मन वंशाचे ट्रम्प’ कोणी लिहीत नाही, आणि सुनक जन्मले साउदम्प्टनला, आईवडील पूर्व आफ्रिकेतून आलेले, तर त्यांना ‘भारतीय वंशाचे’ ही शेपटी कायमची. म्हणजे मथळ्यातला ‘वंश’ कूळ सांगतच नाही, माणूस गोरा नाही एवढंच सांगतो.

शब्द खरं तर किती छान आहे. संस्कृतात वंश म्हणजे बांबू. आमच्या परड्यात माणग्याचं, म्हणजे बांबूच्याच एका जातीचं, बेट आहे, त्यातली एखादी काठी हातात धरली की कळतं, पेरावर पेर चढत जातं तशी पिढीवर पिढी. पण ‘वंशवाद’, ‘वंशद्वेष’ मध्ये हाच शब्द दुसऱ्या, म्हणजे इंग्रजी ‘रेस’च्या, अर्थाने येतो आणि मथळ्यात दोन्ही अर्थांची सरमिसळ होते. कमला हॅरिस यांची आई चेन्नईची, वडील जमैकाचे, म्हणून एका ठिकाणी त्या ‘भारतीय वंशाच्या’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘कृष्णवर्णीय’, जशी वाचणाऱ्याची सोय तशी.

प्रतिसाद (वेंगुर्ला):
ताई, मुद्दा पटला, पण आपलो माणूस मोठो झालो तर सांगूक नको? लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आमच्या वाडीत किती आनंद झालेला. ‘मूळचे वराडचे’ लिहिलं तर बिघडलं कुठे?

उत्तर:
दादा, सांगायचंच. डिसेंबर २०१९ मध्ये ते मालवण तालुक्यातल्या वराडला आले ती बातमी मीच तपासलेली, त्यात गावाचा उल्लेख हवाच होता कारण बातमीच गावाची. पण ‘मूळचे वराडचे’ चुकीचं आहे. मूळचा म्हणजे जो स्वतः तिथून निघाला तो. त्यांचा जन्म डब्लिनचा, आई आयरिश, वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर. ‘घराणं मूळचं वराडचं’ लिहा, चोख बसतं. आणि तसं बघितलं तर आडनावातला ‘कर’ गाव सांगतोच आहे, आपल्याला वेगळं सांगायची गरजही नाही.

आता तुम्ही म्हणाल लालबागेत जन्मलेला चाकरमानी पण ‘आम्ही मूळचे देवगडचे’ म्हणतोच की. म्हणतो, पण तो स्वतः म्हणतो. फरक तिथेच आहे. माझा भाचा इंग्लंडात जन्मला, तिथे शाळेत त्याला विचारायचे कुठला तू, तो शहराचं नाव सांगायचा, मग परत, नाही, खरंखरं कुठला? घरी येऊन जेवायचा नाही. तोच पोरगा मे महिन्यात इथे आला, स्टेशनावर रिक्षावाल्याने ‘खयचो रे तू?’ विचारलं तर हसत आजोळचं नाव सांगितलंन. प्रश्न एकच, पण एक जवळ बसवून घ्यायला विचारलेला, दुसरा उठवायला. परक्या देशातल्या पुढाऱ्याच्या नावाआधी आपण ‘वंशाचे’ लावतो तेव्हा त्याच्या देशात तो दुसऱ्या प्रकारचा प्रश्न होऊन जातो, हे मला फार लागतं.

म्हणून मी एकच बघते : गोऱ्या पुढाऱ्याच्या अशाच बातमीत तो शब्द लावला असता का? नसेल तर मथळ्यातून काढते, अगदीच लागत असेल तर खाली तिसऱ्या परिच्छेदात घेते. परवाच एका मथळ्यातलं ‘कृष्णवर्णीय’ काढलं, ओळ छोटी झाली आणि त्या जागेत त्या बाईंचं खातं बसलं, अर्थमंत्री.