मदत हवी आहे : पूरकामासाठी परदेशातून येणारी देणगी नियमांत राहून कशी घ्यावी?

सर्वांना नमस्कार.

शिरोळ तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावात आमची छोटी सार्वजनिक विश्वस्त संस्था आहे आणि तिच्या जमाखर्चाची जबाबदारी गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे आणि लेखापरीक्षणही दरवर्षी वेळेत होते. आजवरची प्रत्येक देणगी मात्र गावातून, कोल्हापुरातून किंवा फार तर पुण्या-मुंबईतून आलेली आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत गावाला पाण्याचा वेढा पडला आणि दोन्ही वेळा सर्वांत जास्त हाल झाले ते जनावरे सोडून बाहेर पडायला तयार नसलेल्या कुटुंबांचे. म्हणून गावाच्या उंच बाजूला जनावरांसाठी पक्का निवारा, दोन यांत्रिक बोटी आणि औषधांचा साठा अशी 22 लाख रुपयांची योजना आम्ही आखली आहे.

अमेरिकेतील एका मराठी मंडळाने हा संपूर्ण खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. पैसे आणणे ही साधी बाब असेल असे मला वाटले होते; पण विदेशी अंशदान विनियमन अधिनियम, 2010, म्हणजे ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात तो कायदा, वाचायला घेतला आणि एकही पाऊल घाईने टाकायचे नाही असे ठरवले. गावात तीन मार्ग सुचवले जात आहेत. मंडळाच्या एका सदस्याचे भाऊ कोल्हापुरात राहतात. त्यांच्या खात्यात पैसे यावेत आणि त्यांनी ते संस्थेला द्यावेत, हा पहिला. एफसीआरए नोंदणी असलेल्या पुण्याच्या एखाद्या मोठ्या संस्थेने रक्कम स्वीकारून आमच्याकडे वळवावी, हा दुसरा. आणि मंडळाच्या सदस्यांनी वैयक्तिक देणग्या थेट आमच्या नेहमीच्या खात्यात पाठवाव्यात, हा तिसरा. यांपैकी कायद्यात बसणारा कोणता आहे आणि एकही बसत नसेल, तर आमच्यासारख्या लहान संस्थेने काय करावे? गेल्या तीन वर्षांत मिळून आमचा खर्च सुमारे 11 लाखांचा आहे. आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, आमच्या सात विश्वस्तांपैकी एक जण त्या मंडळाचेही सदस्य आहेत.

प्रतिसाद :

नमस्कार ताई. अनेक संस्थांचे परदेशी निधीचे हिशेब मी तपासले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिला मार्ग पूर्णपणे सोडून द्या. परदेशी स्रोताकडून आलेला पैसा मधल्या कितीही हातांतून आला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो विदेशी अंशदानच राहतो. दुसरा मार्ग 2020 च्या दुरुस्तीपर्यंत काही अटींवर खुला होता. आता कलम 7 नुसार एका संस्थेने मिळालेले विदेशी अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास पूर्ण बंदी आहे, मग ती दुसरी संस्था नोंदणीकृत का असेना. पुण्याची संस्था आपल्या गावात येऊन हे काम स्वतः करू शकते, पण मग निवारा आणि बोटी तिच्याच नावावर राहतील आणि हिशेबही तिलाच द्यावा लागेल. तिसऱ्या मार्गात देणगीदाराचे नागरिकत्व पाहावे लागते. ज्यांच्याकडे आजही भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी मात्र ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) असले तरी विदेशीच मानली जाते. त्यामुळे प्रत्येक देणगीसोबत पासपोर्टची प्रत मागून घ्या. त्यात कोणाला संकोच वाटू देऊ नका.

पूर्ण नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ उद्दिष्टांवर किमान 15 लाख रुपये खर्च झालेला असावा लागतो. आपला खर्च तेवढा नाही, म्हणून आपल्यासाठी पूर्वपरवानगीचा मार्ग आहे. ती ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक कामासाठी आणि ठरावीक रकमेपुरतीच मिळते. मंडळाकडून रक्कम व उद्देश नमूद केलेले वचनपत्र घ्या, प्रकल्प अहवाल तयार करा आणि एफसी-3बी हा अर्ज गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरा. पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील एफसीआरए खात्यातच येऊ शकतात; तेथून ते आपल्या जवळच्या बँकेतील वापराच्या वेगळ्या खात्यात आणता येतात, परंतु या खात्यांत गावातील देणगीचा एक रुपयाही मिसळू देऊ नका. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्के आहे, म्हणजे आपल्या बाबतीत 4 लाख 40 हजार. दरवर्षी 31 डिसेंबरपूर्वी एफसी-4 हे विवरण भरावे लागते. ज्या वर्षी काहीच जमा झाले नाही त्या वर्षीही ते भरायचे असते, आणि लहान संस्थांची सर्वाधिक चूक नेमकी इथेच होते.

सामाईक विश्वस्तांविषयी नियम असा की संस्थेचे मुख्य पदाधिकारी देणगीदार संस्थेत नसावेत आणि किमान 75 टक्के पदाधिकारी तिचे सदस्य किंवा कर्मचारी नसावेत. सातांपैकी एकच असल्याने अडचण नाही, फक्त ते आपले अध्यक्ष नाहीत ना, एवढे पाहा.

धागाकर्ती :

मनापासून आभार. ते अध्यक्ष नाहीत. पूर्वपरवानगीचा अर्ज करण्याचा ठराव येत्या बैठकीत मांडते आणि तोपर्यंत कोणीही कोणाच्या खात्यात काहीही पाठवू नये, असे मंडळाला आजच कळवते. एक प्रश्न राहिला आहे. मंडळाने बोटी तिकडेच विकत घेऊन जहाजाने पाठवल्या, तर त्या वस्तू असल्यामुळे परवानगीतून सुटतील का?

प्रतिसाद :

सुटणार नाहीत. वस्तुरूपाने आलेली मदतही विदेशी अंशदानच आहे आणि तिचीही नोंद एफसी-4 मध्ये करावी लागते. शिवाय सीमाशुल्काचा प्रश्न वेगळाच उभा राहील. बोटी येथेच घ्या.