ट्रामचा मार्ग आखताना गल्लीतलं पार्किंग : अनुभव धागा

रामबागकर
इंदूरच्या बीआरटीएसचं (बसच्या वेगळ्या मार्गाचं) रेलिंग निघायला लागलं आणि २०१३ चा वाद आठवला: बस रस्त्याच्या मधून जाणार, मग गाड्या लावायच्या कुठे? ट्रामचा विषय निघाला की लोक 'किती गाड्यांची जागा जाणार' एवढंच विचारतात. आधी टेप काढा. १२ मीटरचा रस्ता धरा. दुहेरी रुळांना साधारण साडेसहा, दोन्हीकडे १.८ चा फुटपाथ. उरले १.९. रस्त्यालगत कार लावायला २ ते २.५ लागतात. म्हणजे एका बाजूलाही धड जागा नाही! ट्रामच्या मार्गाचे नकाशे वाचलेल्यांनी लिहा.

नकाशेवाला
मोजणी तीनदा करा. रात्री २ ला घरच्या गाड्या, दुपारी १२ आणि संध्याकाळी ७ ला गिऱ्हाइकांच्या. दर अर्ध्या तासाला नंबर प्लेटचे शेवटचे चार आकडे लिहायचे, म्हणजे कोण दहा मिनिटांसाठी आलंय आणि कोण दिवसभर ठाण मांडून बसलंय ते कळतं. नुसतं 'फुल्ल असतं' म्हटलं तर कुणी ऐकत नाही. दुचाक्या वेगळ्या मोजा, एका कारच्या जागेत पाच-सहा बसतात.

पोहेजिलबी
रात्री २ ला मोजायला कोण जाणार भिया 😄

नकाशेवाला
सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून परतणारे!

जुनीछावणी
खरी गोम पार्किंगच्या पांढऱ्या पट्टीत आहे. ट्राम बाजूला वळवून काढता येत नाही. कारचा आरसा जरी रुळांच्या हद्दीत आला तरी ट्राम उभी राहते, आणि मागची सगळी लाइन अडकते. वॉशिंग्टनच्या एच स्ट्रीटवर २०१६ मध्ये ट्राम सुरू झाली, तिथे पार्किंगची पट्टी रुळांना चिकटूनच होती. तिरप्या लावलेल्या गाड्यांनी जीव नकोसा केला. म्हणून पट्टीत दार उघडायची जागाही धरून घ्या, आणि गाडी उचलणारी क्रेन जवळच उभी राहील हे लिहून घ्या. क्रेन यायला तासभर लागला तर पट्टी आखून उपयोग काय.

सियागंजी
मालाच्या गाड्या सगळे विसरतात. टेम्पो रोज दारात लागणार, बोर्ड लावा नाहीतर लावू नका. सकाळची वेळ ठरवा किंवा बाजूच्या गल्लीत खास जागा द्या, नाहीतर तो रुळांवरच उभा राहील.

सुदामानगर_ताई
काका, स्टॉपचं पण सांगा ना.

रामबागकर
हो, ते राहिलंच. ३० मीटरचा फलाट म्हणजे सरळ पाच कारची जागा गेली. फाटक, डीपी, विजेचा खांब वेगळे. वळणावर ट्रामचा मागचा भाग बाहेर झुकतो, तिथे कोपरा मोकळाच हवा. आणि पार्किंग रूळ पडल्यावर जातं असं समजू नका. आधी नर्मदेच्या पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल सरकवायला खोदतात, जागा तेव्हाच जाते.

पोहेजिलबी
आणि सायकलवाले? रुळाच्या खाचेत चाक गेलं की गेले.

जुनीछावणी
रूळ शक्यतो काटकोनातच ओलांडायचा. स्कूटरचं चाक खाचेत जात नाही, पण पावसात लोखंडावर घसरतं.

सुदामानगर_ताई
सराफ्यात तळलेले गराडू सुरू झाले का हो?