ऑफिसला रोज एक नट्स बार खाते, हे खरंच पौष्टिक आहे का?

मीनल_कासारवडवली
मंडळी एक शंका आहे. ऑफिस ऐरोलीला, राहते घोडबंदर रोडला, साडेपाचला जाम भूक लागते आणि कापूरबावडीचं ट्रॅफिक धरून घरी पोचेपर्यंत साडेआठ. आधी खालच्या टपरीवर वडापाव व्हायचा, आता ड्रॉवरमध्ये नट्स बारचा बॉक्सच ठेवलाय. पुढे लिहिलंय आल्मंड हनी, हाय एनर्जी वगैरे. मागे बघितलं तर ३८ ग्रॅमचा बार, १७८ कॅलरी, प्रोटीन ५, फॅट १०, कार्ब १७, त्यात साखर ११ (वरून घातलेली १०), फायबर २. घटक: शेंगदाणे २५ टक्के, लिक्विड ग्लुकोज, बदाम १२ टक्के, सोया क्रिस्प, साखर, काजू ५ टक्के, पाम तेल, मध २ टक्के, मग ते आयएनएस नंबर (अ‍ॅडिटिव्हचे कोड). ६० रुपयाला एक. नवरा म्हणतो महागातली चिक्की खातेयस. खरंय का?

लेबलवाचक
नवऱ्याचं बरोबर आहे असं म्हणायला लागतंय, सॉरी :) महापे एमआयडीसीत फूड कंपनीत क्वालिटीला होतो म्हणून थोडं लांबण लावतो. घटक नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा नियम आहे, जे जास्त ते आधी. म्हणजे तुमच्या आल्मंड हनी बारमध्ये बदाम तिसरा आणि मध पार शेवटी, ३८ ग्रॅमच्या २ टक्के म्हणजे पाऊण ग्रॅम, चमचा चाटल्यावर राहतो तेवढा. फोटोत मात्र मधाची धार आणि अख्खे बदाम. आणि साखर कशी तुकड्यातुकड्याने येते बघा, लिक्विड ग्लुकोज (स्टार्चपासून केलेला गोड पाक) वेगळं, साखर वेगळी, मध वेगळा, त्यामुळे एकही पहिल्या नंबरवर दिसत नाही.

तिन्ही नट्स मिळून ४२ टक्के, म्हणजे १६ ग्रॅम. जेमतेम अर्धी मूठ. प्रोटीन ५ ग्रॅम म्हणजे १७८ पैकी फक्त २० कॅलरी प्रोटीनच्या, याला हाय प्रोटीन कोण म्हणत असेल तर म्हणू दे. आणि हाय एनर्जी म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, कॅलरी जास्त. फॅट १० बघून घाबरू नका, त्यातलं बहुतेक दाण्याबदामाचंच आहे, ते चांगलं. बघायची ती घातलेली साखर. डब्ल्यूएचओच्या २०१५ च्या गाइडलाइनप्रमाणे अशी साखर दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवी, जमलं तर ५ टक्क्यांच्या. २००० कॅलरी धरल्या तर ५० आणि २५ ग्रॅम. मधसुद्धा त्यात मोजतात. चहाची साखर धरली तर तुमचे २५ संपायला वेळ लागत नाही.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. लिक्विड ग्लुकोजमधला बराचसा भाग साखरेच्या ओळीत येतच नाही, ग्लुकोजच्या लांब साखळ्या असतात म्हणून तो नुसता कार्बमध्ये जातो, पण पचतो भराभर. म्हणून एकटी साखरेची ओळ बघू नका, कार्ब वजा फायबर करा. तुमचं १७ वजा २, १५ ग्रॅम.

कोपरखैरणे_लिफ्टर
ताई हे असले बार सोडा, प्रोटीन बार घ्या २० ग्रॅमवाला, शुगर फ्री मिळतो, मी वर्कआउटनंतर तोच खातो

लेबलवाचक
भावा त्याचं पण मागचं वाच. शुगर फ्री गोड कशाने लागतो, बहुतेक वेळा माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ), आयएनएस ९६५. कॅलरी शून्य नाहीत, ग्रॅमला साधारण २.४ धरतात, ब्लड शुगर पण थोडी वाढवतोच. आणि पॉलिऑल्सने (माल्टिटॉल त्यातलाच) जुलाब होऊ शकतात असं पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, छापावंच लागतं.

कोपरखैरणे_लिफ्टर
आयला म्हणजे ते पोटात गुडगुड त्याचं होतं होय 😭 मी व्हेला (दुधातल्या प्रोटीनची पावडर) शिव्या देत होतो, एकदा तर तुर्भ्याला गाडी थांबेपर्यंत देव आठवले

नौपाडाकाकू
अगं मीनल ६० रुपयात पाव किलो शेंगदाणे येतात की! घरी कर, अर्ध्या तासाचं काम. पाव किलो दाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, सालं पाखडून काढायची, मिक्सरला एक-दोन वेळा नुसतं फिरवायचं, जाडसरच राहिलं पाहिजे, जास्त फिरवलंस तर तेल सुटून लगदा होतो. दीडशे ग्रॅम बिनबियांचा मऊ खजूर चमचाभर तुपावर परतत राहायचा, आधी कढईला धरून बसतो, मग गोळा होऊन कढई सोडायला लागतो तेव्हा गॅस बंद. त्यात दाण्याची भरड, थोडे भाजलेले तीळ, किंचित मीठ, गरम आहे तोवर ताटात थापायचं आणि १६ वड्या पाडायच्या. मी दाणे आणि खजूर जांभळी नाक्यावरून घेते, वाशीला एपीएमसीच्या मसाला मार्केटला कोणी जाणारं असेल तर तिकडून मागव. यात साखर अजिबात नाही.

लेबलवाचक
काकू रेसिपी एक नंबर, पण साखर अजिबात नाही असं नका म्हणू, खजुरात ६० टक्क्यांवर साखरच असते. वरून घातलेली नाही आणि फायबरसकट येते एवढा फरक, तो फरक मोठा आहे पण शून्य नाही. हिशोब केला तर २५ ग्रॅमच्या वडीत साधारण १२० कॅलरी, ४ ग्रॅम प्रोटीन, साखर ६ ग्रॅमच्या आसपास. चिक्की दाणे-गूळ निम्मे निम्मे धरली तर तेवढ्याच तुकड्यात १२ ग्रॅमच्या जवळ जाते, गूळ आहे म्हणून सूट नाही. मीनलताई, तुमचा बार तेवढ्याच वजनाला साखरेच्या बाबतीत या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो, चिक्कीपेक्षा थोडा बरा म्हणा.

नेरूळ_सीए
कॅलरीवरून आठवलं, बदामावरच्या लिहिलेल्या सगळ्या कॅलरी अंगी लागत नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या लोकांनी २०१२ मध्ये माणसांवर मोजलं होतं, २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून १७० च्या आसपास नाही तर १२९ च मिळतात, कारण नीट न चावलेल्या तुकड्यांतलं तेल पेशीतच अडकून तसंच बाहेर पडतं. पण पुढे त्यांनीच भाजलेले, तुकडे केलेले आणि वाटून बटर (पेस्ट) केलेले बदाम तपासले तर ही सूट कमी कमी होत गेली आणि बटरमध्ये जवळपास उरलीच नाही. तेव्हा बारमध्ये भुगा असेल तर विसरा, अख्खे दिसत असतील तर थोडी सवलत धरा. बाकी बार वडापावपेक्षा वाईट आहे असं मला नाही वाटत बुवा, मीटिंगमध्ये वडापाव कुठून आणणार.

मीनल_कासारवडवली
बापरे एवढं सगळं! बॉक्समध्ये उरलेत ते संपवते (६० रुपये हो), आणि रविवारी काकूंच्या वड्या. पण बाबांना डायबिटीस आहे, ते येऊन एक उचलणारच, चालेल? आणि टिकतात किती?

लेबलवाचक
त्यांच्यासाठी खजूर न घालता नुसते भाजलेले दाणे-बदाम बाजूला काढा, बिनमिठाचे, छोटी मूठ. नट्सने शुगर फारशी चढत नाही, खजुराने चढते. वडी द्यायचीच तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून, आणि जेवणातलं तेवढं कार्ब कमी करून.

नौपाडाकाकू
बाहेर आठवडाभर, फ्रीजमध्ये पंधरा दिवस आरामात, पण आमच्याकडे चौथ्या दिवशी डबा रिकामा. खवट वास आला की टाकून दे. आणि दाणे आधी ताटात पसरून निवडून घे गं, काळपट, सुरकुतलेले, बुरशी दिसणारे सरळ फेकून द्यायचे, भाजलं की सगळं मरतं असं समजू नकोस, त्या बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही. पावसाळ्यात तर फार बघून घे.