समाजवाद म्हणजे नक्की काय? सगळं सरकारचं का?

फोंड्याची_आई:
मुलीला अकरावीत राज्यशास्त्र आहे. परवा तिने समाजवाद म्हणजे काय विचारलं आणि मी 'सरकार गरिबांना देतं ते' असं सांगून मोकळी झाले, पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय. मग गोवा सरकार गृहिणींना देतं ते गृह आधारचे पैसे म्हणजे समाजवाद का? सरकारी कदंबा बस? आणि आमची कोमुनिदाद, म्हणजे गावची सामूहिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, तिथे तर जमीन सगळ्या गावाची, मग आम्ही पोर्तुगीज यायच्या आधीपासूनच समाजवादी का?

वास्कोकर:
ताई, पैसे वाटणं हे कल्याणकारी राज्य झालं, ते भांडवलशाहीतही चालतं. स्वीडनला लोक समाजवादी म्हणतात पण तिथले बहुतेक कारखाने खाजगीच आहेत, फक्त कर भरपूर आणि सोयी चांगल्या. समाजवादाचा खरा प्रश्न मालकीचा. खाण, कारखाना, बँक कोणाच्या ताब्यात आणि त्यातला नफा कुठे जायचा हे कोण ठरवणार? १९६९ साली १४ बँका सरकारने घेतल्या ते त्या दिशेचं पाऊल होतं. कदंबाही त्यातलीच म्हणा.

कुळाचं_घर:
कोमुनिदादीबद्दल बोलायलाच पाहिजे. जमीन सामूहिक होती, पण गावकारांची, आणि गावकार म्हणजे त्या ठराविक घराण्यांत जन्मलेले पुरुष. माझे आजोबा पावणीत (लिलावात) शेत कसायला घ्यायचे, चिखलात राबायचे, खंड (भाडं) भरायचे आणि जोण, म्हणजे नफ्याचा वाटा, वाटला जायचा गावकारांत. आजोबांना त्यातला पैसा नाही की सभेत बोलायचा हक्क नाही. ह्याला समाजवाद म्हणू नका प्लीज. १९७६ ला कसेल त्याची जमीन झाली तेव्हा भाटकाराची (जमीनदाराची) मालकी जाऊन कुळाची आली, तीही खाजगीच, त्यामुळे पुस्तकी अर्थाने तोही समाजवाद नव्हे, पण आमच्यासारख्या घरांना खरा न्याय त्यानेच मिळाला.

मडगावचो_भुरगो:
त्याच १९७६ मध्ये ४२व्या दुरुस्तीने घटनेच्या प्रास्ताविकेत 'समाजवादी' शब्द आला, मुलीला हे परीक्षेला लागेल. आणि राम मनोहर लोहियांना विसरू नका. १८ जून १९४६ ला मडगावात पोर्तुगीजांची बंदी मोडून सभेला उभे राहिले ते समाजवादीच होते, पण सगळं दिल्लीच्या हातात द्यायला त्यांचा विरोध होता. गाव, जिल्हा, प्रांत, केंद्र अशी चार खांबांवर सत्ता वाटायची, असं त्यांचं म्हणणं. म्हणून 'सगळं सरकारचं' हा एकच अर्थ तिला शिकवू नका.

फोंड्याची_आई:
कुळाचं घरवाल्या दादांचं दोनदा वाचलं. मी गावकाराची मुलगी. माहेरी जोण भावाला मिळतो, मला कधीच नाही, आणि मी वर 'सगळ्या गावाची' लिहून गेले. आज लेकीला हे आधी सांगते.